संगणक बिघडलाय? आधी काहीही डाउनलोड करू नका

घरचा संगणक कुरकुर करायला लागला की पहिला हात जातो शोधपट्टीकडे. तिथे 'एका क्लिकमध्ये संगणक सुसाट' असं सांगणारं काहीतरी हमखास हजर असतं. ते उतरवून घेतलं की आधीच दमलेल्या यंत्रावर सुरुवातीलाच जागा होणारा आणखी एक प्रोग्राम बसतो. तो रोज 'शेकडो दोष सापडले' म्हणून घाबरवतो आणि दोष काढण्याचे पैसे मागतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) साफ करून देणाऱ्या अशा प्रोग्रामांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय.

घरगुती संगणकाच्या बहुतेक तक्रारी काहीतरी काढून टाकल्याने, बंद केल्याने किंवा एखादं बटण पुन्हा जागेवर नेल्याने मिटतात. त्यासाठी लागणारी साधनं विंडोजमध्ये आधीपासूनच असतात. खाली सांगितलेल्या एकाही उपायासाठी नवीन काही बसवावं लागणार नाही.

हे सगळं विंडोज ११ समोर ठेवून लिहिलंय. विंडोज १० मध्ये बटणं थोडी इकडेतिकडे असतील, पण नावं साधारण तीच. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. सेटिंग्ज उघडायला विंडोज की धरून आय दाबा. एखादी गोष्ट सांगितलेल्या जागी दिसली नाही, तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत तिचं नाव टाइप करा. दर मोठ्या अपडेटमध्ये मेनूंची जागा बदलण्याची हौस मायक्रोसॉफ्टला आहे, त्यामुळे मार्ग पाठ करण्यापेक्षा नाव लक्षात ठेवलेलं बरं.

हात लावण्याआधी

पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला असेल तर 'ओके' दाबण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. 'काहीतरी एरर आली होती' एवढ्या माहितीवर कोणीच मदत करू शकत नाही. संदेशातला आकडा किंवा कोड हातात असला तर अर्धा शोध तिथेच संपतो.

मग स्वतःला विचारा, हे कधीपासून होतंय आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं? आठवत नसेल तर विंडोजला विचारा. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय येतो. तो उघडला की दिवसवार तक्ता दिसतो. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम कोसळला, कोणतं अपडेट बसलं, कोणता प्रोग्राम नवीन आला, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. लाल फुल्यांची रांग ज्या दिवसापासून सुरू होते, त्याच दिवशी काय बसवलं गेलं ते पाहा. इतकं उपयोगी पान विंडोजने इतकं खोल का पुरून ठेवलंय हे मला कोडंच आहे.

तिसरी गोष्ट रिस्टोअर पॉइंटची. स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑन' आहे का ते बघा, नसेल तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा आणि 'क्रिएट' दाबून आजच्या तारखेचा एक बिंदू करून ठेवा. पुढे काही फसलं तर विंडोजच्या सेटिंग्ज, ड्रायव्हर (प्रिंटर, पडदा, आवाज अशा भागांना विंडोजशी जोडणारे छोटे प्रोग्राम) आणि प्रोग्राम या बिंदूपाशी परत नेता येतात. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात बदलत नाहीत. याचा दुसरा अर्थ असा की पुसला गेलेला फोटोही त्यातून परत मिळत नाही.

आणि एका वेळी एकच बदल करा. पाच गोष्टी एकदम बदलून संगणक सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही. बिघडला तर त्याहून पंचाईत.

शटडाउन आणि रीस्टार्ट एकच नाहीत

'रोज रात्री बंद करतो की!' असं सांगणाऱ्याच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' निवडा. खाली 'अप टाइम' दिसतो. रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे कधीकधी दहा-पंधरा दिवस उलटलेले दिसतात.

याचं कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत शटडाउन करताना उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. त्यामुळे संगणक लवकर उठतो. पण कालचा अडकलेला ड्रायव्हरही तसाच अडकलेला उठतो. रीस्टार्ट करताना मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे आवाज गेला, ब्लूटूथ सापडेना, प्रिंटर रुसला, अशा कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं त्याच्या बरोबरीचं नाही.

तुमच्या संगणकात एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर फास्ट स्टार्टअपने वाचणारा वेळ नगण्य असतो. मी तो बंदच ठेवतो. बंद करण्याचा मार्ग असा:

१. स्टार्ट मेनूत 'कंट्रोल पॅनल' शोधून उघडा आणि 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जा.
२. डावीकडचं 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा.
३. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर क्लिक करा. ही ओळ दाबल्याशिवाय खालच्या चौकटी फिकटच राहतात.
४. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढा आणि 'सेव्ह चेंजेस' दाबा.

संगणक अजिबात हलेना, माउसही गोठला, तर पॉवरचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय. त्याआधी एकदा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहा. पडदा काळा पडला असेल किंवा गोठला असेल तर या कळांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. क्षणभर पडदा लुकलुकतो आणि पुष्कळदा उघडं काम न गमावता सगळं परत येतं.

मंद चालतोय: कोण अडवतंय ते आधी बघा

'संगणक स्लो झालाय' या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. ते वेगळे करायला टास्क मॅनेजर पुरतो. 'प्रोसेसेस' या पानावर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे स्तंभ असतात. संगणक रेंगाळत असतानाच हे पान उघडा, एरवी नाही. ज्या स्तंभाचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून बसलाय, त्या स्तंभाच्या डोक्यावर क्लिक करा. सर्वात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, भरलेला असेल तर एखादा प्रोग्राम अडकलाय किंवा मागे अपडेट अथवा अँटिव्हायरसची तपासणी चाललीय. अपडेट असेल तर चहा पिऊन या, मध्ये बंद करू नका. एखादा ओळखीचा प्रोग्राम वेड्यासारखा खात असेल तर त्याच्यावर क्लिक करून 'एंड टास्क' द्या. नाव ओळखीचं नसेल आणि ते विंडोजचं वाटत असेल तर मात्र हात आवरा.

मेमरी, म्हणजे चालू कामासाठी लागणारी रॅम, भरलेली असेल तर गुन्हेगार बहुधा ब्राउझर. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण तेवढ्यात विंडोज आणि दहा टॅब एकत्र नांदत नाहीत. क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किती मेमरी खातंय ते दिसतं. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू करा. बराच वेळ न पाहिलेले टॅब तो झोपवून ठेवतो. एक्स्टेन्शनची यादीही एकदा चाळा. कुपन शोधणारी, पडद्याचे रंग बदलणारी, कधीतरी एकदा पीडीएफसाठी घेतलेली, अशी सगळी तिथेच बसून असतात.

डिस्क शंभर टक्के असेल आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर खरं दुखणं तेच आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि 'डिस्क' पाहिलं की एचडीडी आहे की एसएसडी ते लिहिलेलं असतं. काही विकत घेऊ नका असं मी सुरुवातीपासून सुचवतोय, पण इथे अपवाद करतो: चालू स्थितीतल्या जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं हा एकमेव खर्च असा आहे की ज्याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. एसएसडीला डीफ्रॅग करायची, म्हणजे विखुरलेल्या फाइल्सचे तुकडे एकत्र लावायची, गरज नसते. विंडोज तिची निगा वेळापत्रकाने स्वतःच राखतं.

आता सुरुवातीला जागे होणारे प्रोग्राम. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप ॲप्स' हे पान आहे. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या स्तंभात 'हाय' लिहिलेल्यांपासून सुरुवात करा. गाण्यांची, खेळांची, गप्पांची, मीटिंगची ॲप्स, प्रिंटरसोबत आलेले मदतनीस या सगळ्यांवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' द्या. यात प्रोग्राम पुसला जात नाही, तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाही एवढंच. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नावं तशीच राहू द्या. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याचं काय करायचं ते तुम्ही ते वापरता की नाही यावर ठरवा.

लॅपटॉप फक्त चार्जर काढला की मंदावत असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि 'पॉवर'खाली 'पॉवर मोड' बघा. आणि पंखा सतत घरघरत असेल तर लॅपटॉप गादीवरून किंवा मांडीवरून उचलून टेबलावर ठेवा. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही.

डिस्क भरली: डाउनलोड्सच्या खुणेपासून सावध

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', मग 'स्टोरेज'. थोडा वेळ मोजणी झाली की कशाने किती जागा घेतलीय ते पट्ट्यांमध्ये दिसतं. 'टेम्पररी फाइल्स' उघडा. इथे थांबून वाचा, कारण या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं आणि नावावरून ते टाकाऊ वाटतं. प्रत्यक्षात तो तुमचाच फोल्डर. बँकेची विवरणपत्रं, तिकिटं, मुलांच्या शाळेचे फॉर्म त्यात असू शकतात. ती खूण काढून टाका, बाकीच्या पाहून घ्या आणि मग 'रिमूव्ह फाइल्स' दाबा.

'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' असं काही दिसलं तर ते मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज. नवीन नीट चालत असेल तर काढायला हरकत नाही. नाही काढलं तरी साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून पुसतं. पुसल्यावर जुन्या आवृत्तीकडे परतीची वाट बंद होते.

त्याच पानावर 'स्टोरेज सेन्स' आहे. ते चालू करा, पण आत जाऊन डाउनलोड्ससाठी 'नेव्हर' निवडलेलं आहे याची खात्री करा.

वनड्राइव्ह वापरत असाल तर एक फरक नीट समजून घ्या, कारण इथे लोकांचे फोटो जातात. वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल 'डिलीट' केली की ती संगणकातून जाते, आंतरजालावरच्या साठ्यातून जाते आणि तुमच्या दुसऱ्या संगणकातूनही जाते. नुसती संगणकावरची जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. चुकून डिलीट केलंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबपानावरच्या रिसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्याच्या फाइल्स ३० दिवस राहतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सुरुवातीलाच वनड्राइव्हशी जोडले जातात, मालकाला पत्ताही नसतो. फुकटची मर्यादा ५ जीबी. ती भरली की 'स्टोरेज फुल'चे इशारे सुरू होतात आणि माणसाला वाटतं संगणकच भरला.

'तुमच्या संगणकात व्हायरस आहे!'

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी लाल रंगाचा इशारा येतो, एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह असतं, 'आत्ता नूतनीकरण करा' म्हणतो. घाबरून संगणक फॉरमॅट करायला देणारे लोक आहेत. बहुतेक वेळा हा व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्याशा संकेतस्थळाने 'नोटिफिकेशन पाठवू का?' विचारलं आणि तुम्ही 'अलाउ' दाबलं, एवढीच गोष्ट. ते संकेतस्थळ आता ब्राउझरमार्फत जाहिराती धाडतंय. अँटिव्हायरसला त्यात काही सापडत नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते.

क्रोममध्ये ती अशी काढा:

१. उजवीकडचे तीन ठिपके, मग 'सेटिंग्ज'.
२. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'.
३. 'अलाउड टू सेंड नोटिफिकेशन्स' या यादीतली अनोळखी नावं एकेक करून 'ब्लॉक' करा.
४. वरच्या भागात संकेतस्थळांनी नोटिफिकेशनसाठी विचारूच नये असा पर्याय आहे, तो निवडा.

एज आणि फायरफॉक्समध्येही सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'नोटिफिकेशन्स' टाइप केलं की हीच यादी सापडते.

दुसरा प्रकार जास्त भीतीदायक. अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, 'संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा' असं लिहिलेलं असतं. हे निव्वळ एक वेबपान असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चूक-संदेशांत कधीही फोन नंबर नसतो, एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एस्केप दाबून धरा म्हणजे पूर्ण पडदा सुटेल. नाही सुटला तर आल्ट आणि एफ ४. तेही नाही तर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरला 'एंड टास्क'. पुन्हा उघडल्यावर ब्राउझर जुनी पानं परत आणू का असं विचारेल, त्याला नाही म्हणा. फोन लावलाच असेल आणि कोणाला संगणकाचा ताबा दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा, आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

खरोखर शंका असेल तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' निवडा आणि 'डिफेंडर अँटिव्हायरस ऑफलाइन स्कॅन' चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडं काम आधी सेव्ह करा. घरच्या वापराला हा अंगचा डिफेंडर पुरेसा आहे असं माझं मत. लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला चाचणीचा अँटिव्हायरस मात्र काढून टाका. तो तुमचं रक्षण करत नाही आणि डिफेंडरच्या वाटेतही येऊ शकतो.

आणखी एक छोटी खबरदारी. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे बिलाच्या नावाने आलेली फाइल पीडीएफ आहे की प्रोग्राम ते कळत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' अशी खूण करा. नाव पीडीएफचं आणि अगदी शेवटी 'ईएक्सई' दिसलं, तर उघडायचं नाही.

कीबोर्ड वेडा झाला की

पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही? कॅप्स लॉक बघा, आकड्यांसाठी नम लॉक बघा, आणि लॉगिनच्या पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते बघा. मराठी कीबोर्ड बसवलेल्या संगणकावर हे वारंवार होतं. डावी आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबली गेली की भाषा गुपचूप बदलते. विंडोज की आणि स्पेस दाबून ती परत आणता येते. चुकून बदलणं कायमचं थांबवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' इथे जाऊन 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये 'नॉट असाइन्ड' निवडा.

मराठी टायपिंगच नसेल तर त्यासाठीही काही उतरवावं लागत नाही. 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी जोडा, मग तिच्या पर्यायांत जाऊन 'मराठी फोनेटिक' हा कीबोर्ड जोडा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो सोबतच येतो. इंग्रजी स्पेलिंगने लिहा, देवनागरी उमटतं. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांना याची गरज नाही.

कळ दाबल्यावर उशिरा उमटतेय किंवा उमटतच नाही? उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की 'फिल्टर कीज' सुरू होतात. शिफ्ट पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज'. दोन्ही 'ॲक्सेसिबिलिटी'मधल्या 'कीबोर्ड'मध्ये बंद करता येतात. लिहिताना पुढची अक्षरं गिळली जात असतील तर इन्सर्ट की एकदा दाबा.

अक्षरं लहान दिसत असतील तर रिझोल्यूशन कमी करू नका, त्याने सगळंच धूसर होतं. 'डिस्प्ले'मध्ये 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. फक्त मजकूर मोठा हवा असेल तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'टेक्स्ट साइझ' आहे. एखादंच वेबपान अवाढव्य किंवा बारीक झालं असेल तर कंट्रोल आणि शून्य.

इंटरनेट: दोष कुठे आहे ते आधी ठरवा

मोबाइल त्याच वायफायवर चालतोय का? (मोबाइल डेटा बंद करून बघा.) तोही अडला असेल तर संगणकाला हात लावू नका, राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत धीर धरा. मोबाइल चालतोय आणि संगणक नाही, तर पुढच्या क्रमाने जा. एअरप्लेन मोड बंद आहे ना, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) चालू राहिलंय का, दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच होतंय का. मग वायफायच्या नावावर जाऊन 'फर्गेट' करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. शेवटचा उपाय 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधला 'नेटवर्क रीसेट'. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा.

राउटर दोन नावं दाखवत असेल तर जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ घ्या, भिंतीपलीकडे २.४. पहिलं वेगवान, दुसरं लांब पोचणारं.

सगळी संकेतस्थळं 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असतील तर घड्याळ बघा. तारीख चुकलेली असली की ब्राउझरला सुरक्षा-प्रमाणपत्रं मुदतबाह्य वाटतात. तारीख दुरुस्त करूनही दर वेळी वीज गेल्यावर मागे पडत असेल तर डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलीय. ती बहुधा सीआर २०३२ या नावाची, ३ व्होल्टची असते.

प्रिंटर, आवाज, कॅमेरा

प्रिंटरच्या रांगेत एखादं पान अडकून बसतं, रद्द केलं तरी जात नाही आणि मागची सगळी पानं खोळंबतात. प्रिंटर बंद करा. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत 'प्रिंट स्पूलर'वर उजवं क्लिक करून 'स्टॉप' द्या. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, प्रिंटर्स असं जात त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइल्स पुसा. फोल्डर पुसू नका. मग स्पूलरला 'स्टार्ट' द्या आणि प्रिंटर चालू करा. पान नेहमी चुकीच्या प्रिंटरकडे जात असेल तर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा.

आवाज गेला असेल तर स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट कुठे जातोय ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज आवाज तिकडे वळवतं. कॅमेरा काळा दिसत असेल तर आधी त्याच्यावरचं सरकतं झाकण, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधली कॅमेऱ्याची परवानगी.

अपडेट, बॅकअप आणि एक ४८ अंकी किल्ली

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक चालत राहतो, पण नव्या त्रुटींवरची ठिगळं आपोआप येत नाहीत. सेटिंग्जच्या 'विंडोज अपडेट' पानावर ११ ची पात्रता आणि वाढीव सुरक्षा-अपडेटची नोंदणी यांपैकी काय उपलब्ध आहे ते दिसतं. ऐन कामात रीस्टार्ट नको असेल तर अपडेट बंद पाडू नका, 'ॲक्टिव्ह अवर्स' ठरवून द्या किंवा काही आठवडे 'पॉज' करा.

नव्या लॅपटॉपांवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कूटबद्ध झालेली असते. एखाद्या अपडेटनंतर किंवा दुरुस्तीनंतर संगणक निळ्या पडद्यावर ४८ अंकी 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतो, आणि ती नसेल तर आतला मजकूर कोणालाच, अगदी मायक्रोसॉफ्टलाही, उघडून देता येत नाही. स्टार्ट मेनूत 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपानावर आपल्या उपकरणाच्या नोंदीत ही किल्ली बहुधा असते. ती कागदावर उतरवून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच संगणकात जतन करण्यात काही अर्थ नाही. या लेखातलं एकच काम आज करणार असाल तर हे करा.

बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं त्यावर कॉपी करा आणि ती काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्याही हाती लागते. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल्स त्या डिस्कवरून उघडून बघा.

इथे थांबा

सगळं करूनही विंडोज धड चालत नसेल तर 'रिकव्हरी'मध्ये 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'कीप माय फाइल्स' आहे. फाइल्स राहतात, बसवलेले प्रोग्राम जातात, म्हणून आधी बॅकअप.

पण काही खुणा सेटिंग्जच्या पलीकडच्या असतात. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून पाहिलं की उरलासुरला मजकूरही वाचवणं अवघड होतं. जळका वास आला तर प्लग काढा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा झाला असेल किंवा तळ डुगडुगत असेल तर आतली बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोचू नका, आणि ती बदलून होईपर्यंत तो लॅपटॉप वापरू नका.